पाण्यावर चार बोटं

बुडबुड आवाज झाला आणि न्याहारीच्या टेबलावरची शांतता मोडली. व्रोनी कोकोत नळी घालून फुंकत होती. नळी तळ्यातल्या पोकळ बोरूची होती, दोन्ही टोकांना नीट कापलेली.

"कुणी दिली गं?"

"सेवेरिनकाकांनी."

माझ्या नवऱ्याचा, कोर्बिनियानचा चमचा थांबला. "तुझी लेक आता मेलेल्यांशीही बोलते," तो मला म्हणाला आणि छातीपर्यंतची रबरी विजार चढवायला गेला.

तळं त्याच्या थोरल्या भावानं, सेवेरिननं खणलेलं. अर्ध्यात पोहायचं, अर्ध्यात बोरू. पाणी स्वच्छ राहतं ते बोरूच्या मुळांमुळेच. दर नोव्हेंबरात, तळं गोठण्याआधी, बोरू छाटायचे. सेवेरिन प्रत्येक वेळी बजावायचा, "पाण्यावर चार बोटं सोड रे. बर्फाखाली त्यातूनच श्वास घेतात ते. पाण्याखाली कापलंस तर बुडून मरतील."

गेल्या फेब्रुवारीत बर्फ फुटून तोच बुडाला. "मी तळघरात होतो, काही ऐकलं नाही," असं कोर्बिनियाननं पोलिसांना सांगितलं. पण त्या दिवशी तळ्यासमोरच्या खिडकीच्या काचेवर त्याच्या श्वासाचं ओलं वर्तुळ मी पाहिलं होतं. व्रोनी माझ्या कडेवर झोपली होती, गालावर लाळ सुकलेली. तिला बाप हवा, म्हणून मी ते वर्तुळ बाहीनं पुसलं.

आज मी तिला घेऊन काठावर गेले, तेव्हा कोर्बिनियान कोपरापर्यंत हात बुडवून बोरू बुडाशीच कापत होता.

"अरे, मरतील ते."

"मरू देत. फेब्रुवारीपासून कानाशी फुसफुसताहेत. तुला नाही ऐकू येत?"

येत होतं. "नाही," मी म्हणाले.

व्रोनीचे कान गार पडले होते. तिला बाकावर बसवून मी टोपी आणायला आत गेले. त्याच खिडकीवर, बाहेरच्या बाजूनं, वाफेचं वर्तुळ होतं. मी आतून बाही फिरवली, मग बाहेर जाऊन.

पुसलं गेलं नाही.

परतले तर तळं निवांत होतं. विळा बाकावर पुसून ठेवलेला, सेवेरिन ठेवायचा तसा. कापलेल्या जागी खुंट उभे होते.

सगळे पाण्यावर चार बोटं.

"कोर्बिनियान?"

प्रत्येक खुंटातून संथ वाफ निघत होती, परत आत जात होती. काठालगतच्या एकातून मात्र ती घाईघाईनं, तुटक येत होती.

व्रोनी त्या खुंटापाशी उकिडवी बसली होती. चिमुकला अंगठा त्याच्या तोंडावर अधांतरी धरलेला.

"आई, काका तुला विचारतायत," ती म्हणाली, "ही नळी बंद करू का?"