पुढच्या नंबरची ओळ

सरोजिनी गायधनीला "जमेल का?" असं विचारलेलं खपत नसे. "कधीपर्यंत हवंय, तेवढं सांगा," म्हणायची. आणि तोरा उगाच नव्हता हो. १९८७ साली सातपूरच्या त्या पंपांच्या कारखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीत तिच्या तोडीचं कोणी नव्हतं. चपला बाहेर काढून त्या गार खोलीत शिरायचं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवायची आणि ड्रॉइंग ऑफिसातली माणसं अर्धा दिवस घालवत ते काम चहा निवायच्या आत उरकायचं. रोजच्या उपयोगी युक्त्यांचा एक कागद तिने टाइप करून भिंतीला चिकटवला होता. पहिलीच युक्ती अशी, की मघाचाच हुकूम पुन्हा द्यायचा असेल तर सगळं परत बडवत बसू नका, दोन उद्गारचिन्हं टाका.

सप्टेंबरअखेर तिचं प्रोबेशन संपत होतं. कायम झाली तर उत्तम, नाहीतर नागपूरच्या स्थळाला होकार कळवायचा, असं तिच्या वडिलांनी जाहीर करून टाकलं होतं. अप्पा रामकुंडावर यजमानांचे विधी करत. एकदा बोलले की बोलले. आणि कायम होणं एकाच गोष्टीवर लटकलं होतं. अकरा हजार ड्रॉइंगांमधून हवं ते शोधून देणारा तिचा प्रोग्राम शुक्रवारी मुंबईच्या मोठ्या साहेबांसमोर चालायला हवा होता.

सोमवारी सकाळी तिने सवयीने 'हिस्टरी' टाइप केलं. तसं केलं की आपण आजवर दिलेले हुकूम यंत्र नंबर लावून दाखवतं. सगळ्यात खाली असतं ते आत्ताच दिलेलं 'हिस्टरी'. त्याचा नंबर होता ४११. त्याच्याखाली काही असूच शकत नाही. पण होतं.

४१२  rm * .o

rm म्हणजे पुसून टाक. चांदणी म्हणजे जे जे आहे ते सगळं. चांदणी आणि टिंब चिकटून असते तर काम झाल्यावर उरलेला चोथा तेवढा गेला असता. मध्ये ती एक जागा सुटली की फायलींचा अख्खा कप्पा साफ. या धंद्यात अंगठा चुकून त्या लांब पट्टीवर पडला आणि तोंडचं पाणी पळालं, अशी माणसं पुष्कळ सापडतील.

सरोजिनीने घाईघाईने फायली पाहिल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या.

"तुम्हीच मारलं असंल ताई," पलीकडच्या टर्मिनलवरून सहादू पगारे म्हणाला. सहादू मशीनचा ऑपरेटर, रोज निफाडहून येणारा. "उपाशीपोटी लय टायपिंग करता."

"मी मारलं असतं तर फायली राहिल्या असत्या का, सहादूभाऊ?"

तिने पासवर्ड बदलला. मग गंमत म्हणून यंत्राला तारीख विचारली आणि पुन्हा यादी मागवली. मधल्या दोन हुकमांनंतर तारखेला ४१४ नंबर मिळाला होता, यादीला ४१५. ती ओळ मुकाट्याने ४१६वर जाऊन बसली होती.

मंगळवारी तिने दिवसभर काम केलं. साठेक हुकूम झाले असतील. ओळ प्रत्येक वेळी एक नंबर पुढे. दोन उद्गारचिन्हांची सवय तिने त्याच दिवशी सोडली. यंत्र शेवटची ओळ धरून बसलं तर काय घ्या! संध्याकाळी ती सहादूच्या नावाने, सहादूच्या टर्मिनलवर बसली. त्याच्याही यादीच्या तळाशी तेच. सहादू पाण्याचा ग्लास घेऊन मागे उभा होता.

"हे माझं नाय, ताई," तो म्हणाला. त्यानंतर त्याने चेष्टा केली नाही.

यंत्र विकणाऱ्यांचा इंजिनियर पुण्याहून आला. त्याने दोन तास डोकं खाजवलं, "असं होत नसतं," म्हणाला आणि दुपारच्या एसटीने परत गेला.

सरोजिनी हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली नव्हती. बुधवारी तिने rm वर पहारा बसवला. कोणीही काहीही पुसायला सांगितलं की यंत्र आधी विचारणार, "पुसू का?" हो म्हटल्याशिवाय एक अक्षर जायचं नाही. चार वेळा करून पाहिलं. चारही वेळा यंत्राने गुणी बाळासारखं विचारलं. खूश होऊन ती घरी गेली आणि दोन घास जास्त जेवली.

गुरुवारी ओळ तिथेच होती. फक्त सुरुवातीला एक तिरपी रेघ वाढली होती.

\rm * .o

या कामातल्या माणसाला ती रेघ कळते. पहाऱ्याला विचारू नकोस, सरळ पुसून टाक.

सरोजिनी घाबरली. खोली गार होती तरी तिचा ब्लाउज पाठीला चिकटला. टेपवर प्रत काढून ठेवावी, तर टेपचं यंत्र आठ दिवसांपासून बंद. शेवटी तिने सगळ्या फायलींची प्रत मशीनच्याच एका कोपऱ्यात नवा कप्पा करून ठेवली आणि त्याला limbu असं नाव दिलं. सहादूलासुद्धा सांगितलं नाही.

शुक्रवारी अकरा वाजता साहेब आले, मोज्यांवर आत शिरले. तिने पंपाच्या भागाचा नंबर टाकला, ड्रॉइंग कुठल्या कपाटात, कुठल्या खणात आहे ते पडद्यावर आलं. दुसरा टाकला. तिसरा टाकला. प्रोग्राम नुसता पळत होता.

"मी बसू का जरा?" साहेबांनी विचारलं.

नाही कसं म्हणणार? ती उठली.

साहेबांनी एक नंबर स्वतः टाकला, प्रोग्राममधून बाहेर पडले आणि भिंतीकडे पाहायला लागले.

"हा तुमचा कागद? मघाचाच हुकूम पुन्हा. वा, हे बरंय."

सवय तिने सोडली होती. कागद उतरवायचा राहिला होता.

"साहेब, नका—"

त्यांची बोटं पडून गेली होती.

पडद्यावर ती ओळ उमटली. तिरप्या रेघेसकट.

यंत्राने काही विचारलं नाही.

"पुढे काहीच येत नाही हो," साहेब म्हणाले.

तिने वाकून फायलींची यादी मागवली. एकही नाव आलं नाही. सहादू खुर्चीतून उठला आणि तसाच उभा राहिला.

"एक मिनिट, साहेब." आपला आवाज इतका स्थिर कसा, याचं तिलाच नवल वाटलं. तिने limbuमधून सगळं परत आणणारी एक ओळ टाइप केली आणि मग भागाचा नंबर टाकला. ड्रॉइंगचा खण पडद्यावर आला.

साहेब मोठ्याने हसले. "म्हणजे सगळं पुसलं गेलं तरी परत येतं, तेही दाखवलंत! भलत्याच हुशार आहात हो तुम्ही!"

संध्याकाळी पत्र हातात पडलं. अप्पांनी ते चष्मा पुसून दोनदा वाचलं, "नागपूरला मी कळवतो," म्हणाले आणि स्वतः जाऊन पेढे घेऊन आले. सरोजिनी त्या रात्री गाढ झोपली.

सोमवारी इंदिरानगरहून निघालेल्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. limbu आता सगळ्यांसमोर उघडं पडलं होतं. आज नवी प्रत काढायची, नव्या कप्प्यात. नाव काय द्यावं? त्र्यंबक नाका मागे पडला तेव्हा तिला सुचलं. पपनस. तिचं तिलाच हसू आलं. कोणाच्या बापाच्या डोक्यात येणार नाही! कुठे लिहायचं नाही, कोणाला सांगायचं नाही.

खोलीत शिरून ती टर्मिनलसमोर बसली आणि पहिलाच हुकूम दिला, 'हिस्टरी'.

"गेली का हो ताई ती ओळ?" सहादूने विचारलं.

ती ओळ गेली होती. तिच्या जागी दुसरी होती.

\rm -r papnas

पपनस नावाचा कप्पा तिने अजून केलेलाच नव्हता.