न बिघडणारा हापसा

हापशाला पुस्तक वाचून दाखवणारा माणूस सत्यशीलानं पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तिला वाटलं, बिचाऱ्याला ऊन लागलंय.

ऊन तसं होतंच. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, आणि केदारखेड्याच्या अंगाला त्या साली ऊन असं की कोंबडीनं अंडं घातलं तर ते उकडलेलंच निघायचं. अशा उन्हात हा सडपातळ पोरगा, कानामागं पेन्सिल खोचून, वस्तीतल्या नव्याकोऱ्या हापशापुढं उभा होता आणि हापशाच्या देखभालीच्या इंग्रजी पुस्तकातलं एकेक वाक्य मराठीत करून मोठ्यानं सांगत होता. बाया हंडे भरत होत्या, आपापसात बोलत होत्या. मन लावून ऐकत होता तो एकटा हापसाच.

"साहेब," सत्यशीला हंडा खाली ठेवत म्हणाली, "आवाज गोड हाये तुमचा. पण आमचा हापसा शाळेत गेल्ता का?"

त्यानं वर पाहिलं... आणि पुढचं वाक्य विसरला.

त्याचं नाव संपत, राहणारा बदनापूरचा. हापसे दुरुस्त करत सायकलवर गावोगाव फिरायचा. वस्तीतल्या झाडून सगळ्या बाया त्याला भाऊ म्हणायच्या. सत्यशीला तेवढी साहेब म्हणायची. का, ते सगळ्या वस्तीला कळलं — संपतला सोडून.

पुस्तक सरपंचाच्या ताब्यात द्यायचं, असा वरचा नियम होता. सरपंचांनी ते कपाटात ठेवलं, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. पुस्तक सुरक्षित राहिलं. पाना मात्र संपतनं सातवी शिकलेल्या सत्यशीलाच्या हाती दिला.

पुढं एकदा साखळीचा नट आपोआप ढिला झाला. दांडा नुसताच वरखाली, पाण्याचा थेंब नाही. संपत आला, नट आवळला, कसा आवळायचा ते समजावलं, सत्यशीलाच्या हातचा चहा प्याला आणि जाताना दोनदा मागं वळून पाहिलं. त्यानंतर त्या नटाला ढिलं व्हायची सवयच लागली. आता पाना कुणाकडं होता ते आपल्याला ठाऊक आहे. जास्त विचारू नये.

तिला घाई होती. बाप पुंजाराम वडीगोद्रीचं एक स्थळ धरून बसला होता. सुगी झाली की साखरपुडा, असा त्याचा हिशेब. संपतनं त्याच्या आत तोंड उघडायला हवं होतं. पण हापसा बंद पडला की बायांना लांबच्या विहिरीवर जावं लागायचं. म्हाताऱ्या गिरिजाबाईचा हंडा सत्यशीला आपल्या हंड्यावर चढवून आणायची. म्हातारी तोंडभरून आशीर्वाद द्यायची, आणि तो प्रत्येक आशीर्वाद हिला काट्यासारखा रुतायचा.

संपतचं डोकं भलतीकडंच. त्याला वाटे, आपल्या सांगण्यातच खोट आहे. मग त्यानं सोप्या मराठीत पाटी लिहिली आणि कडुनिंबाला टांगली. नट पुन्हा ढिला.

"एवढं सोपं लिहिलं, मंग समजलं काय न्हाई?"

"वाचताना समजतं. तुम्ही गेले की जातं."

"कुठं जातं?"

"तुमच्या सायकलीमागं."

त्याचे कान लाल झाले. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरून तो गंभीरपणे म्हणाला, "म्हंजे पाटी लांब पडून राह्यली."

पुढच्या खेपेला तो आला तो हसलाच नाही. चहाला नको म्हणाला. वरच्या साहेबांनी त्याला सगळ्यांदेखत सुनावलं होतं, की सगळ्यात जास्त बिघडणारा हापसा तुझ्याच फेरीवर. आणखी एकदा बंद पडला तर घरी बस.

"मला शिकवताच येत न्हाई, सत्यशीला," तो म्हणाला. बाई न लावता तिचं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं.

खरं सांगून टाकावं, असं तिच्या ओठापर्यंत आलं. पण मग तो पुन्हा असं नाव घेईल का...

"पुस्तक कपाटात, पाटी झाडावर," ती म्हणाली. "अन् बाई कुठं असती? दांड्यापाशी. हात गुंतलेले, नजर साखळीवर. जिथं हात अडतो, तिथंच सांगा ना."

तो दुसऱ्या दिवशी लाल ऑइलपेंट घेऊन आला. नटाजवळच्या लोखंडावर चित्र काढायचं, कोणत्या बाजूला आवळायचं ते. पाना धरलेला हात काढायला समोर हात हवा.

"असाच धरा... हलू नका."

ती हलली नाही. त्याचा श्वास मनगटावर येत होता, रंगाचा वास डोक्यात चढत होता. चित्रातल्या हातावर त्यानं बांगड्यासुद्धा काढल्या.

"बांगड्या कशाला? त्यानं नट आवळतो का?"

"शोभतं," तो पुटपुटला, आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

त्यानंतर सत्यशीलानं नटाला हात लावला नाही. एकदा तो खरोखरच सैल झाला. अक्षर न ओळखणारी गिरिजाबाई चित्राकडं टक लावून बघत राहिली, पाना मागून घेतला आणि चित्रातल्यासारखा फिरवला. पाणी आलं. बाया हसल्या. सत्यशीलाही हसली, आणि मग घरामागं जाऊन गोवऱ्या रचत बसली; त्या आधीच रचलेल्या होत्या.

सुगीच्या तोंडाला जीप आली. वरच्या साहेबांनी चित्र पाहिलं, संपतची पाठ थोपटली. आता गावोगावच्या हापशांवर असंच काढायचं, आणि काढायला संपतनं नांदेडकडं जायचं, पगार वाढवून. साहेब जवळच उभे होते. संपत तिच्यापाशी आला.

"नांदेड लांब हाये," तो म्हणाला. "पण ह्या हापशाला काही झालं... अन् तुम्ही कळवलं... तर मी यीन. रजा टाकून यीन." त्यानं दांड्याला हात लावला. "होईल का काही?"

तिला प्रश्न बरोबर कळला. साहेबांनीही मान इकडं वळवली होती. होईल म्हणावं, तर त्याचं चित्र फुकट.

"न्हाई होणार," ती म्हणाली. "बिलकुल न्हाई."

त्यानं कानामागची पेन्सिल काढून खिशात घातली. मग हळूच मान हलवली. "बराबर हाये," म्हणाला, आणि जीपमध्ये जाऊन बसला. साहेब खूश झाले.

धूळ बसेपर्यंत ती तिथंच उभी होती. तेवढ्यात घरून पुंजारामनं हाळी दिली, वडीगोद्रीचे पाहुणे सांजेला येणार, चहाचं दूध बघ म्हणून. गिरिजाबाई हंडा घेऊन आली.

"काय म्हणला गं भाऊ जाताना?"

"नीट वापरा, म्हणला," सत्यशीला म्हणाली, आणि म्हातारीचा हंडा भरायला दांडा हापसू लागली.