धुळीतली फट

थोरली बहीण खगोलशास्त्राच्या एका संस्थेत पंचवीस वर्षं झाडलोट करत होती आणि धाकटी त्याच संस्थेत शास्त्रज्ञ होती. तिला शिकवलं थोरलीनंच, त्याच झाडूच्या जिवावर. दुपारी दोघी जिन्याखालच्या बाकावर डबा खायच्या. धाकटी हसून म्हणायची, "ताई, तुझं न् माझं काम एकच. धूळ बघायची."

तिची धूळ फार लांबची. नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्याभोवती धुळीची तबकडी फिरत असते आणि तिच्यातूनच ग्रह तयार होतात, हे तिनं थोरलीला डब्याच्या झाकणावर बोट फिरवून समजावलं होतं. ग्रह दिसत नाही. दिसते ती तबकडीतली गोल फट, कारण फिरता फिरता तो आपली वाट साफ करत जातो. "जिथं धूळ नाही ना ताई, तिथं कुणीतरी आहे." असा ग्रह कधी कधी ताऱ्याच्या दिशेनं आत आत सरकतो, असंही ती म्हणाली होती.

तशी एक फट धाकटीला सापडली. विभागप्रमुखांनी, म्हणजे सगळ्यांच्या सरांनी, तो यंत्राचा दोष ठरवून तिचं काम बाजूला सारलं आणि आठ महिन्यांनी तीच फट स्वतःच्या नावावर छापून आणली. धाकटी जाब विचारायला निघाली, तेव्हा तिला अडवलं थोरलीनंच. "ब्र काढू नकोस. दोघींची नोकरी इथंच. सरांशी वाकडं घेऊन जाणार कुठं?" धाकटी माघारी फिरली. पुढं ती जेवेनाशी झाली, बोलेनाशी झाली, आणि एका सकाळी उठलीच नाही. डॉक्टरांनी कागदावर हृदयविकार लिहिला. थोरलीच्या लेखी त्या जागी सरांचं नाव होतं.

त्या दिवसापासून तिनं सरांची खोली झाडणं सोडलं. सूड म्हणून तेवढंच तिच्या हातात होतं. सरांना पत्ताही नव्हता. आकाशातली धूळ मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्या बुटाखालची कशी दिसणार? पुस्तकांवर, खिडकीच्या कठड्यावर, फरशीवर राखाडी थर चढत गेला आणि तो रोज पाहून थोरलीला बरं वाटायचं.

मग एका सोमवारी सकाळी तिला फरशीवर स्वच्छ पट्टा दिसला. वीतभर रुंद, सरांच्या खुर्चीभोवती बरोबर गोल. दुसऱ्या कुणी झाडलं असावं, असं वाटून तिनं चौकशी केली. त्या खोलीत कुणीच गेलं नव्हतं. तिनं झाडूच्या दांड्यानं खुर्चीपासूनचं अंतर मोजलं. दोन दांडे. बुधवारी दीड.

शुक्रवारी सरांनी उजेडासाठी खुर्ची खिडकीशी नेली. दुपारी थोरली कचऱ्याची टोपली घ्यायला गेली, तर पट्टा खिडकीशी आला होता. जुन्या जागी धूळ पुन्हा एकसारखी बसली होती. सर मानेमागं हात फिरवत म्हणाले, की मागून सारखं कुणीतरी जातंय असं वाटतं. वारा असेल, असं ती म्हणाली. खिडकी बंद होती.

भीतीपेक्षा तिचा आनंद मोठा होता. धाकटी आली होती.

पुढच्या गुरुवारी सरांना मोठा सन्मान जाहीर झाला. फोटो काढायला दुपारी लोक येणार, खोली लख्ख करा, असा निरोप आला. थोरली झाडू घेऊन दारात उभी राहिली. पट्टा आता खुर्चीच्या पायांना टेकला होता. एक हात मारला असता तर पुसला गेला असता.

"सर, ती फट पहिल्यांदा कुणी पाहिली?"

सरांनी वर पाहिलं. क्षणभर त्यांचे ओठ हलले.

"मी. का?"

"सहज विचारलं."

तिनं झाडू काखेत धरला आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

दुपारी फोटोवाल्यानं दार ठोठावलं. मग त्यानंच ते ढकललं.

सर खुर्चीत ताठ बसलेले होते. डोळे उघडे. अंगावर, कपड्यांवर, पापण्यांवर धुळीचा कणसुद्धा नव्हता.

फरशीवर पट्टा नव्हता. भिंतीपासून भिंतीपर्यंत सलग धूळ. तिच्यात सरांचीही पावलं नव्हती.

थोरली उजेड असतानाच घरी आली. कित्येक महिन्यांनी तिचा जीव शांत होता. दोन आठवडे सगळं लक्ष त्या खोलीत, त्यामुळं घराला झाडू लागला नव्हता. ती आपल्या खुर्चीत बसली. उन्हाची तिरीप फरशीवर पडली होती.

पट्टा भिंतींना टेकत जात होता. कपाटाच्या पायाशी वळून, पलंगाखालून, तिच्या खुर्चीभोवती बरोबर गोल.

ब्र काढू नकोस. हे शब्द सरांचे नव्हते.

"अगं, मी तुझ्या भल्यासाठीच..." ती मोठ्यानं म्हणाली.

ती उठली. आयुष्यभर जे केलं तेच तिनं केलं. कोपरा न् कोपरा झाडला, ओल्या फडक्यानं पुसून काढला, धूळ बाहेर टाकून आली. मग खुर्चीत पाय वर घेऊन बसली आणि चकचकीत फरशीकडं बघत राहिली.

आता तिथं काहीच दिसत नव्हतं. ते किती आत आलंय, हेसुद्धा.