पाठमोरा

पटलं नाही तर सोडून द्या. पण माझ्या मोठ्या मावशीने ही हकिगत मरेपर्यंत एका शब्दानेही बदलली नाही, आणि खोटं बोलणाऱ्याला एवढं पाठांतर जमत नाही.

मुक्या चित्रपटांचा काळ. रात्र नव्हती... भर दुपार होती.

मावशी स्टुडिओत फिल्म कापायची, जोडायची. काका, म्हणजे तिचा नवरा, तिथेच उड्या मारायचे. दिग्दर्शक आणि नायक एकच. त्याला सगळे मालक म्हणत. मालकाचे कपडे घालून काका पाठमोरे उडी घ्यायचे. काकांचं तोंड दिसलं तर मावशी तेवढं कापायची आणि पुढे मालकाचा चेहरा जोडायची.

टाळ्या मालकाला.

शेवटची उडी गच्चीवरून होती. काका म्हणाले, खाली अजून दोन गाद्या टाका. मालक म्हणाला, उजेड चाललाय.

काका गेले.

पंधरा दिवसांनी तेच रीळ मावशीपुढे आलं. उडी मीच मारली, असं मालकाने तोवर वर्तमानपत्रात छापूनही आणलं होतं.

मावशीने एकच मागितलं. एकदा तरी त्यांचं नाव पडद्यावर येऊ द्या.

मालक हसला. "पाठीला कुठं नाव असतं का, बाई?"

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरी दोन लेकरं होती. तिने दात-ओठ खात फिल्म जोडली.

दुपारी चित्रपट लावून बघितला. अंधाऱ्या खोलीत मालक, मावशी आणि मशीनवाला, एवढेच.

गच्ची आली. पाठमोरा माणूस कठड्याकडे धावला...

आणि थांबला.

फिल्ममध्ये तो थांबत नव्हता. मावशीने स्वतः जोडली होती.

तो हळूहळू वळला...

काका.

पुढचा तुकडा मालकाच्या चेहऱ्याचा होता. पडद्यावर चेहऱ्याऐवजी नुसते मालकाच्या डोक्यामागचे विंचरलेले केस दिसले. त्याच्या पुढचाही तसाच. शेवटापर्यंत नायक पाठमोरा.

मावशीने रीळ उजेडात धरून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. पुन्हा लावलं... पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मशीनवाला टोपी घेऊन निघून गेला, तो पगारालाही आला नाही.

संध्याकाळी मालक मावशीच्या खोलीच्या दारात उभा राहिला. चेहऱ्यावरची पावडर घामाने ओघळलेली. म्हणाला, त्याचं नाव टाकतो, माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात टाकतो, तू त्याला सांग.

"मेलेल्याशी सौदा करता?" मावशी म्हणाली. "जिवंत होते तेव्हा दोनच गाद्या मागत होते."

तो चित्रपट लागला नाही. मालक पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नाही. बरं झालं, असं मी एकदा म्हणालो.

मावशी म्हणाली, पडद्यावरून ते मालकाकडे बघतच नव्हते रे. मालक डावीकडे बसला होता. ते बघत होते माझ्याकडे. चार वर्षं त्यांचं तोंड कापून टाकणारी कात्री कुणाच्या हातात होती?

रागात होते का, मी विचारलं. विचारायला नको होतं, असं अजून वाटतं.

"माझ्यावर कधी रागावले नव्हते ते," मावशी म्हणाली. "म्हणून तर आधी ओळखूच आले नाहीत."