कागदावरचं काळीज

"माझा सासरा माझ्या हाताखाली मेला, असं कागद म्हणतो," ती म्हणाली. बस म्हटलं तरी बसेना.

"कागदाचं नंतर ऐकू. आधी तू सांग," वहिनी म्हणाल्या आणि तिला दंडाला धरून खुर्चीत बसवलं.

वहिनी बावीस वर्षं लोकांची खाजगी प्रकरणं शोधत होत्या. दारावर पाटी नव्हती. गरज असलेल्याला दार सापडतं, असं त्यांचं म्हणणं. सोबतीला धाकटे दीर, भावोजी. चित्रकलेचे निवृत्त मास्तर. वहिनींची पिशवी उचलायची आणि प्रत्येक प्रकरणात पहिला चुकीचा माणूस पकडायचा, ही दोन्ही कामं ते मनापासून करीत.

आलेली बाई लाकडाच्या वखारीची सून होती. कामाची नोंद, गिऱ्हाइकं, मजुरांची भांडणं, सगळं तीच बघायची. आठ दिवसांपूर्वी सकाळी अकराला सासरे वखारीच्या केबिनमध्ये बोलता बोलता कोसळले. श्वास नाही, हाक मारली तर ओ नाही. तिने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला आणि छाती दाबायला घेतली.

"दाबायचं कुणी शिकवलं?" वहिनींनी विचारलं.

"डॉक्टरीणबाईंनी. दवाखान्याबाहेर कुणाचं काळीज बंद पडलं, तर गाडी येईतो आसपासच्या लोकांनी जीव वाचवता येतो का, याचा त्यांचा अभ्यास चाललाय. आमच्या फाटकाजवळ त्यांनीच पेटी लावली. आत यंत्र आणि दोन चिकटपट्ट्या. पट्ट्या छातीला लावल्या की यंत्र ठोके तपासतं. काळीज नुसतं थरथरत असेल तर झटका द्या म्हणून मोठ्याने सांगतं."

"मग यंत्र आणलं कुणी?"

"काकांनी. सासऱ्यांचा धाकटा भाऊ. मी तीन-चार मिनिटं दाबत होते, हात भरून आले होते. काका म्हणाले, 'मी बघतो, तू रस्त्यावर जा, गाडी गल्ली चुकेल.' मी पळाले. गाडी घेऊन आले तेव्हा सहा-सात मिनिटं झाली होती. सगळं संपलं होतं."

"मग आळ तुझ्यावर का?"

तिने पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं. "यंत्रातून कागद निघाला. त्यावर ठोके धडधडीत चालू आहेत. आणि सासऱ्यांच्या चार फासळ्या मोडलेल्या. चालत्या काळजाच्या माणसाला मी चिरडलं, असं सासूबाई म्हणतात. तपास अधिकारी उद्या गुन्हा नोंदवणार. नवरा माझ्याशी बोलत नाही. आणि माझी लेक... चार वर्षांची आहे हो. तिला सासूबाईंकडे ठेवलंय. मी गेले तर आतून कडी."

भावोजी कळवळले. वहिनी कळवळल्या नाहीत, चपला शोधू लागल्या.

*

अभ्यासाची खोली औषधाच्या वासाने भरलेली होती. मांडणीवर पारदर्शक पिशव्या, प्रत्येकीवर फक्त आकडा. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. हे प्रकरण चिघळलं तर गावभरच्या पेट्या उतरवणार होते.

"फासळ्या मोडल्या म्हणजे तिने वाईट दाबलं असं नाही," त्या म्हणाल्या. "मनापासून दाबलं की मोडतात. पण कागदाला मी काय करू?"

कागद टेबलावर पसरला. वहिनींना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण त्याची त्यांना लाज नव्हती. "मला लहान मुलीला सांगतात तसं सांगा."

"मिनिटाला एकशे अठरा ठोके. मधूनच एक ठोका घाईने येतो, मग जरा जागा सुटते. चांगल्याभल्या माणसांतही असं असतं."

"छाती दाबल्याचं कळतं का यात?"

"कळतं. दाबलं की डोंगर उठतात. इथे नाहीत."

"मग हा माणूस श्वास घेत नव्हता, हे तुम्हाला खटकलं नाही?"

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. "कागद वाचला तेव्हा मला ते माहीतच नव्हतं. कागद वाचणाऱ्याला फक्त आकडा कळतो. माणूस कोण, काय घडलं, काही सांगायचं नाही, असा अभ्यासाचा नियम आहे. कळलं की नजर एका बाजूला झुकते."

"आणि न कळलं की नजर आंधळी होते," वहिनी म्हणाल्या. "यंत्र किती वेळ चालू होतं?"

"दोन मिनिटं चाळीस सेकंद. मग बंद. बॅटरी मात्र भरलेली आहे."

"पट्ट्या?"

डॉक्टरीणबाईंनी सतरा नंबरची पिशवी काढली. "या नुसत्या जपून ठेवायच्या असतात. उघडलेली नाही."

पट्ट्यांच्या चिकट बाजूवर काळ्या, आखूड केसांची दाट लव बसली होती.

"शी! झाडूच झालाय," भावोजी म्हणाले.

वहिनींनी पिशवी उजेडाकडे धरली, आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. मग विचारलं, "वखारीत शिकवलंत ते कसं?"

"माझ्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या छातीला पट्ट्या लावून दाखवल्या. लोकांना भीती असते, जित्या माणसाला झटका बसेल म्हणून. बसत नाही. यंत्र म्हणतं, झटक्याची गरज नाही. मालक, त्यांचे भाऊ, सून आणि मुकादम, चौघांनी पाहिलं."

जिन्यात भावोजी कुजबुजले, "वहिनी, ही डॉक्टरीणच! यंत्र बिघडलेलं असणार, झाकतेय."

"भावोजी, तुम्ही आपली पिशवी सांभाळा."

*

अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करणारी बाई गाडी पुसत होती. हाताने रांगडी, बोलायला त्याहून.

"मी पोचले तेव्हा काका बाजूला बसले होते, घामाने ओले. म्हाताऱ्याच्या अंगावर पट्ट्या होत्या, पण कोपरे उचकटलेले. ओढल्या तर सुटून हातात आल्या. माझ्या नव्या लावल्या, त्या एका दमात बसल्या. केसाळ छातीसाठी वस्तरा ठेवतो आम्ही, तो काढावाही लागला नाही. आणि माझ्या यंत्रावर सरळ रेघ."

"त्या आधी काळीज चालू होतं म्हणतात."

"म्हणोत. अंग कसं होतं ते या हातांना विचारा." तिने फडकं पिळलं. "मला मात्र कुणी विचारलं नाही. कागद होता ना!"

*

वखारीत करवती किंचाळत होत्या. भुसा नाकातोंडात जात होता. उकाडा असा, की मजूर उघडे किंवा बनियनवर. मुकादमाने भिंतीकडे तोंड करून ठेवलेली एक मोठी पाटी सरकवून बसायला जागा केली.

"ही कसली?" वहिनींनी पाटी उलटली. नव्या रंगात वखारीचं नाव, खाली मालकीण म्हणून सुनेचं.

"सोमवारी लागणार होती," मुकादम म्हणाला. "मालकांनी ठरवलं होतं. शनिवारी ते गेले."

"कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"मला. काकांना. पोराला सांगायचं राहिलं होतं."

"त्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"केबिनच्या दारात. काका पेटी घेऊन आले, ताईंना रस्त्यावर धाडलं, आणि मला म्हणाले, वाटेतले ओंडके हलव, गाडी आत यायला हवी. दार लावून घेतलं, भुसा उडतो म्हणून. मी वळतोय तेवढ्यात यंत्र बोललेलं ऐकलं. 'झटक्याची गरज नाही.' जिवात जीव आला बघा. वाटलं, वाचले मालक."

भावोजी वहिनींच्या कानाशी लागले. "हाच! पाटीवर आपलं नाव यावं असं वाटत असणार."

"हळू बोला, त्याच्या हातात कुऱ्हाड आहे," वहिनी म्हणाल्या.

काका केबिनमध्ये होते. पन्नाशीचे, काळेभोर केस, मोठा देह. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, कॉलर घामाने चिकटलेली.

"दादा गेला आणि माझा उजवा हात गेला," ते म्हणाले. "पोरीचा दोष म्हणणार नाही मी. घाबरली असेल. पण कागद खोटं कसं बोलेल?"

मजुराने चहा आणला. काकांनी पेला मागे सारला. "मला नको. चहा घेतला की काळीज मधेच उडी मारतं. डॉक्टरांनी बंद केलाय."

"तुम्ही दादांची छाती दाबलीत?"

"गाडी येईपर्यंत. एक क्षण थांबलो नाही."

"आणि यंत्र?"

"बोललं, गरज नाही. मग आपोआप बंद पडलं."

वहिनींनी आपला चहा संपवला, काकांचाही घेतला. बाहेर पडताना मुकादमाला सहज म्हणाल्या, "तुमचे काका उकाड्यातही फार नीटनेटके हो."

"छे! बनियनवर असायचे ते कायम. मालक गेले त्या दिवसापासून असे झालेत. दुःख कुणाला कसं लागेल, सांगता येत नाही."

*

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत करवती थांबल्या. ती शांतता अंगावर आली. केबिनमध्ये तपास अधिकारी, डॉक्टरीणबाई, मुकादम, काका आणि सून. नवरा दाराला टेकून, तिच्याकडे न बघता.

"पाच मिनिटांचं काम," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी इथे जे दोन पुरुष होते, त्यांचे ठोके डॉक्टरीणबाई कागदावर घेतील. मुकादम, शर्ट."

मुकादमाने लगेच काढला. छाती घोंगडीसारखी केसाळ, एकसंध. त्याचा कागद निघाला, एका चालीचा.

"काका, आता तुम्ही."

"माझं काय काम? मला बरं नाही. थंडी वाजतेय."

कपाळावरून घाम नाकावर ठिबकला. कुणी हसलं नाही.

"मग मी बोलते, तुम्ही गरम व्हा," वहिनी म्हणाल्या. "साहेब, या कागदाला सगळ्यांनी देव केलंत. मी त्याला एवढंच विचारलं, बाबा, तू कुणाच्या छातीवर होतास? काका म्हणतात एक क्षण न थांबता दाबलं, कागदावर एक डोंगर नाही. श्वास नसलेल्या म्हाताऱ्याचं काळीज म्हणे एकशे अठराने पळत होतं. ते मरणाऱ्याचं काळीज नव्हे. ते घाबरलेल्याचं."

भावोजींच्या हातून पिशवी पडली. "म्हणजे... दुसऱ्याच कुणाच्या छातीला?"

"पट्ट्यांना काळे केस. म्हाताऱ्याच्या छातीला वस्तरा लागला नाही. नव्या पट्ट्या पटकन बसल्या आणि जुन्या सुटल्या, कारण जुन्यांचा चिकटपणा आधीच दुसऱ्या अंगावर खर्च झाला होता. यंत्र जित्या माणसाला 'गरज नाही' म्हणतं, हे इथे चौघांनी पाहिलेलं. त्यातला एक मेलेला, एक रस्त्यावर, एक ओंडक्यांशी. दारामागे उरला कोण?"

"पण एवढा खटाटोप कशाला? यंत्र लावलंच नसतं तर?" अधिकाऱ्याने विचारलं.

"तर तुम्ही पहिल्यांदा तेच विचारलं असतंत. यंत्राने मोठ्याने नाही म्हणायला हवं होतं, मुकादमाच्या कानावर जाईल असं. ते म्हणालं. मग यांनी कळ दाबून त्याचं तोंड बंद केलं, पट्ट्या स्वतःवरून ओरबाडून भावाच्या अंगावर ठेवल्या, आणि बसून राहिले. डॉक्टरीणबाई, ओरबाडलेले केस किती दिवसांनी येतात?"

"आठवडे लागतात," त्या म्हणाल्या.

"बटणं, काका."

अधिकारी पुढे झाला. काकांनी त्याचा हात झटकला आणि स्वतःच शर्ट काढला, अंगावरचा भार उतरवावा तसा. दाट काळी छाती. उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली तळहाताएवढा चौकोन, साफ भुंडा. डाव्या बरगडीवर तसाच दुसरा.

डॉक्टरीणबाईंनी तारा जोडल्या. कागद सरकू लागला. पळते ठोके, मधेच एक घाईचा, मग सुटलेली जागा. त्यांनी सतरा नंबरचा कागद शेजारी ठेवला. दोन्हींची चाल एकच होती.

"मी त्याला पाडलं नाही," काका म्हणाले. "तो पडलेलाच होता. चाळीस वर्षं मी इथला भुसा गिळला, आणि पाटीवर नाव सुनेचं?"

"पाडलं नाहीत. उठू दिलं नाहीत. आणि आळ या पोरीवर गेला, तेव्हा गळ्यापर्यंत बटणं लावून गप्प बसलात."

मुकादमाने तोंड फिरवलं. "मी ओंडके हलवत होतो," तो स्वतःशीच म्हणाला. "आणि हा आत बसून बघत होता."

काकांना नेलं. सून डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली.

"पट्ट्या त्यांना लावल्या असत्या तर वाचले असते?"

डॉक्टरीणबाईंनी खोटा दिलासा दिला नाही. "कदाचित. तू दाबत होतीस तोवर आशा नक्की होती. पण त्यांच्या काळजाचा कागदच नाही. त्या वेळी त्यात काय चाललं होतं, ते आता कधीच कुणाला कळणार नाही."

नवरा दारातून सरकला. "घरी चल," तो म्हणाला. "मी आईला सांगतो, झालं ते विसर म्हणून."

"विसर नाही," ती म्हणाली. "माझी लेक आधी माझ्या कडेवर द्या. आणि आईंना तुम्ही सांगा, शब्दन् शब्द. मी सांगितलं, तर त्या परत कागद मागतील."

तो मान खाली घालून पुढे झाला. ती त्याच्या दोन पावलं मागे चालली, बरोबरीने नाही.