दोन बोटं मोकळं पेडल

पहिल्यांदा ती त्याच्या गॅरेजसमोर थांबली, ती काही ठरवून नाही. चढावर तिचा ट्रक नुसताच ओरडू लागला, पळेना... आणि समोर गॅरेज होतं, इतकंच. मिस्त्रीने दुसऱ्या गाडीखालून डोकं बाहेर काढलं, स्टिअरिंगवर बाई बघून गडबडला आणि पाना उलटा धरला. तिला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं.

"क्लचचं पेडल आधी दोन बोटं मोकळं दबलं पाहिजे," तो म्हणाला. "तुमचं तर वरूनच ताठ आहे."

रॉडवरचा नट फिरवून त्याने तो मोकळेपणा परत आणून दिला.

तेव्हापासून दर महिन्याला तेच दुखणं, तोच नट. नट फिरवायला पाच मिनिटं लागत, चहाला तासभर. बाकीचा महिना ती आणि तिच्याहून वयाने मोठा तो ट्रक. वर्षापूर्वी वडील गेले. तेव्हापासून शेजारच्या सीटवर फक्त तिचा जेवणाचा डबा असायचा. कधीकधी ती त्या डब्याशीच बोलायची.

चौथ्या खेपेला मिस्त्री गाडीखालून निघाला तो मान खाली घालूनच.

"आटे संपले. नट आता पुढे जायचा नाही. क्लचची प्लेटच झिजलीय, ती बदलावी लागेल... मग दोन वर्षं बघायला नको."

दोन वर्षं. म्हणजे दर महिन्याचा चहाही बंद.

"हे आज कळलं तुम्हाला?"

"दुसऱ्या खेपेलाच कळलं होतं. पण सांगितलं असतं, तर तुम्ही परत आला नसता."

"आणि भरली गाडी चढावर मागे आली असती म्हणजे?"

"दोन महिने तेच डोळ्यांसमोर येतंय. चुकलंच माझं."

ती चिडली, चांगली दहा मिनिटं बोलली. पण राग काही टिकेना. ट्रकमध्येच वाढलेली ती. प्लेटची शंका तिलाही आली होती. तिनेही विचारलं नव्हतं.

दुपारपर्यंत नवी प्लेट बसली.

"एक चक्कर मारू," तो म्हणाला आणि डबा मांडीवर घेऊन शेजारी बसला. "प्लेट इतक्या लवकर का झिजते, तेही कळेल."

रस्ता सरळ लागला. मग समोर बघतच तो हळूच म्हणाला, "पाय."

ती दचकली. तिचा डावा पाय क्लचवर टेकलेला होता, आणि तेवढ्यानेच प्लेट घासत होती. वडील हेच म्हणायचे – याच सीटवरून, याच एका शब्दात. ते गेल्यापासून तिला असं कुणी टोकलंच नव्हतं.

डोळे भरून आले, तशी तिने गाडी बाजूला घेतली.

"ही सवय सुटली नाही तर?"

"तर चार महिन्यांत पुन्हा माझ्याकडे." त्याने डब्याच्या झाकणाशी चाळा केला. "पण तसं नको. रविवारी गॅरेज बंद असतं... मी शेजारी बसत जाईन. मला आवडेल. तुम्ही आवडता, म्हणून."

तिने त्याच्या मांडीवरचा डबा उचलला आणि सीटच्या मागे ठेवला.

"रविवारी सातला निघते मी. डबा दोघांचा आणेन."

गाडी सुरू झाली.

"पाय," तो म्हणाला.

"उचललाय."

"माहीत आहे."