झाल्या ना तीन?

कुणी खोटं म्हणेल, तर म्हणो. ज्याच्यावर बेतलं तो माणूस अजून आहे, आणि हा विषय निघाला की तो खोलीतून उठून जातो.

तो हेलिकॉप्टरचा पायलट. त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे त्याचे भावोजी, त्याचं हेलिकॉप्टर जिथे ठेवत, त्याच हँगरमध्ये मेकॅनिक.

पाठीच्या दुखण्याने पायलट चार महिने घरी होता. नियम साधा आहे. गेल्या तीन महिन्यांत तीनदा उडून उतरला नसाल, तर शेजारी कुणाला बसवायचं नाही. आधी एकट्याने तीन फेऱ्या मारायच्या, मग दुसऱ्याचा जीव हाती घ्यायचा.

कामावर परतला त्या दुपारी पंख्याची थरथर हवेत असताना तपासायची होती. भावोजी ती मोजायचं यंत्र घेऊन तयार.

"आधी तुझ्या फेऱ्या मारून ये ना. मी थांबतो," ते म्हणाले.

आभाळ भरून येत होतं. त्याला घाई.

"तुम्ही काय पॅसेंजर आहात? कामावरचा माणूस मोजत नाहीत. बसा."

उतरताना त्याचा हात चुकला. शेपटी जमिनीला लागली. हेलिकॉप्टर डावीकडे आडवं झालं...

भावोजी डावीकडे होते.

मेकॅनिकला पॅसेंजर धरायचं की नाही, यावर चौकशीत बराच खल झाला. कागदावर तो सुटला. ताई त्याला एका शब्दाने बोलली नाही. तेच त्याला जास्त लागलं.

वर्षाने तो पुन्हा उडायला आला. स्वच्छ उन्हाची दुपार. एकटाच. शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा त्याने स्वतः आवळून लावला.

पायलट उजवीकडे बसतो. एकटा असला की जमीन सोडताना हेलिकॉप्टर उजवीकडे कलतं. तसंच कललं.

पहिली फेरी. उतरला.

टक... टक.

डाव्या दारावर. आत बसण्याआधी मेकॅनिक वाजवतात, तसं.

बाहेर कुणीच नव्हतं. नवी मेकॅनिक लांब, हँगरच्या सावलीत उभी.

खडा उडाला असेल... त्याने मनाची समजूत घातली.

दुसरी फेरी. उतरला.

टक... टक.

तिसरी फेरी त्याने जीव मुठीत धरून मारली.

या वेळी दार वाजलं नाही.

हेडफोनमध्ये कुणीतरी घसा खाकरला...

"झाल्या ना तीन? आता बसू का?"

त्याला नाही म्हणायचं होतं. वर्षभर झोपेत तो तेवढंच म्हणत होता.

त्याने तोंड उघडेपर्यंत...

हेलिकॉप्टर डावीकडे हललं. पायरीवर कुणी पाय ठेवावा, तसं.

आणि पट्टा... आपोआप सुटला.

हँगरपर्यंत न्यायला त्याने हेलिकॉप्टर हातभर उचललं.

ते जराही कललं नाही.

"साहेब, शेवटी अगदी सरळ उचललंत," नवी मेकॅनिक म्हणाली. "एकटे असून कसं जमलं?"

संध्याकाळी त्याने ताईला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आवाज त्यांचाच?"

"हो."

हातातल्या चादरीवरून तिने हात फिरवला.

"मग मला ने. एकदाच. मागे बसेन."

"ताई, अगं..."

"आता नियमात बसतं ना?"

बसत होतं.

तो सबबी सांगत राहिला. वारा आहे, पाठ धरलीय, काम आहे. तीन महिने सरेपर्यंत त्याने हेलिकॉप्टरला हात लावला नाही. आता नियमाने तिला नेता येत नाही.

पण ताई रोज फोन करते.

"तीन फेऱ्या तर मारायच्यात," ती म्हणते. "मार की."